मालाडची खाडी ते कुवेतचे वाळवंट: प्रक्षेपण केंद्राची देखभाल

रेडिओ केंद्राचे तांत्रिक काम दोन जागी चालते. स्टुडिओ शहरात असतो आणि प्रक्षेपण केंद्र शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत, कारण मध्यम लहरींच्या मास्टला भरपूर जमीन लागते. आकाशवाणी मुंबईचे स्टुडिओ चर्चगेटजवळ आहेत आणि मध्यम लहरींचे प्रक्षेपक पार मालाडला, मालवणीच्या बाजूला खाडीलगत. या दोन टोकांमध्ये मिक्सर, प्रोसेसर, दुव्याची यंत्रणा, प्रक्षेपक, फीडर लाइन, मास्टच्या पायथ्याशी असलेली ट्यूनिंगची खोली आणि खुद्द मास्ट अशी साखळी असते. तिच्यातली कुठलीही कडी निखळली तरी श्रोत्याला एवढेच कळते की रेडिओ बंद पडला. कोणती कडी निखळली हे शोधणे आणि मुळात ती निखळू न देणे, हे प्रक्षेपण अभियंत्याचे काम.

या कामाभोवती उच्च विद्युतदाब आणि अवघड गणिताचे वलय आहे. प्रत्यक्षात बंद पडलेल्या प्रक्षेपकामागची कारणे बहुधा साधी निघतात: उष्णता, धूळ, ओल आणि सैल पडलेला जोड. कोणत्या कारणाचा जोर जास्त, हे केंद्र कुठे आहे यावर ठरते. मुंबईत पाऊस आणि खारी हवा, नागपुरात उन्हाळा, कुवेतमध्ये उन्हाळा आणि धूळ दोन्ही.

मुंबईचे केंद्र भारतातल्या नियमित प्रसारणाइतकेच जुने आहे. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने २३ जुलै १९२७ रोजी ते सुरू केले, तेव्हा प्रक्षेपकाची शक्ती अवघी दीड किलोवॅट होती. आज मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर शंभर किलोवॅट शक्तीने ऐकवली जाते. नागपुरात १९८८ साली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १५६६ किलोहर्ट्झवर सुरू झाली तेव्हा प्रक्षेपक एक हजार किलोवॅटचा होता. देशाच्या मध्यावरून रात्री साऱ्या भारतावर लहर पसरावी म्हणून ती जागा निवडली होती. कुवेत रेडिओ १२ मे १९५१ रोजी सुरू झाला आणि ५४० किलोहर्ट्झवरचे त्याचे अरबी प्रसारण आखातभर ऐकू येत आले.

मध्यम लहरींच्या केंद्रात अँटेना मास्टवर बसवलेली नसते. मास्ट हीच अँटेना असते. ५५८ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ५३८ मीटर, म्हणून तिच्या पाव लांबीचा मास्ट १३४ मीटरच्या आसपास जातो. पोलादाचा हा सगळा भार पायथ्याशी चिनी मातीच्या एका जाड इन्सुलेटरवर उभा असतो, कारण मास्ट जमिनीला टेकला तर सगळी शक्ती जमिनीत जाईल. मास्ट सरळ धरणारे तणावेही मध्ये मध्ये इन्सुलेटर घालून तोडलेले असतात. मास्टच्या पायाशी धातूचे दोन गोळे बोटभर अंतरावर समोरासमोर बसवलेले असतात. वीज पडली की ठिणगी या फटीतून जमिनीत उतरते आणि प्रक्षेपक वाचतो. या फटीत पाल शिरली किंवा कोळ्याचे जाळे ओले झाले तरी ठिणगी पडते, म्हणून पायथ्याची खोली आणि ही फट पाहणे रोजच्या फेरीत येते.

अँटेनाचा उरलेला अर्धा भाग जमिनीखाली असतो. मास्टच्या पायापासून चहूबाजूंना तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात, चांगल्या केंद्रात १२०, प्रत्येक साधारण पाव तरंगलांबीची. ही जाळी तुटली की प्रक्षेपकाचे मीटर जवळपास ठीक दिसतात, पण लांबच्या तालुक्यातून आवाज क्षीण झाल्याची पत्रे येऊ लागतात. तारा गंजून तुटतात, नांगरात येतात, चोरीलाही जातात. जमिनीची जातही महत्त्वाची. मालाडची खारट, दलदलीची जमीन वीज उत्तम वाहून नेते. दख्खनचा कातळ आणि कुवेतची कोरडी वाळू त्या कामात कमी पडतात. मिठाचा हा दुहेरी स्वभाव या व्यवसायात पदोपदी भेटतो: जमिनीत असले तर वरदान, इन्सुलेटरवर बसले तर घात.

जुन्या पद्धतीच्या मोठ्या प्रक्षेपकात शेवटची शक्ती व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नळी, देतो. त्याच्या अ‍ॅनोडला दहा हजार व्होल्टच्या पुढचा दाब असतो आणि फिलामेंट पांढरे होईपर्यंत तापवलेले असते. सुरू करण्याचा क्रम ठरलेला: आधी पंखे आणि पाणी, मग फिलामेंट, मग बायस, शेवटी उच्च दाब. क्रम चुकला तर इंटरलॉक पुढे जाऊ देत नाही. काही प्रक्षेपकांत अ‍ॅनोड थंड करणारे पाणी थेट त्याला भिडते, म्हणून ते अतिशुद्ध असावे लागते. नळाचे पाणी क्षारांमुळे वीज वाहून नेईल. पाण्याची शुद्धता मोजण्याचा मीटर त्यामुळे अ‍ॅनोडच्या मीटरइतकाच महत्त्वाचा. कपाटात ठेवलेला राखीव व्हॉल्व्हही काही महिन्यांनी लावून चालवावा लागतो. पडून राहिलेल्या व्हॉल्व्हची निर्वात अवस्था बिघडू शकते आणि ऐन गरजेला तो पहिल्याच दाबात ठिणगी टाकतो.

उच्च दाबाच्या कपाटात हात घालण्याआधीची शिस्त कुठल्याही केंद्रात सारखीच असते. मुख्य स्विच बंद करणे, त्याची किल्ली खिशात ठेवणे आणि लाकडी किंवा फायबरच्या दांड्याला बांधलेला अर्थिंगचा आकडा प्रत्येक कपॅसिटरला टेकवणे. वीज गेली तरी कपॅसिटरमधला भार तसाच राहतो आणि तो माणूस मारायला पुरेसा असतो. आकडा तिथेच अडकवून मगच काम सुरू होते, आणि एकट्याने काम करायचे नाही हा नियम याच कपाटापुढे शिकवला जातो.

बिघाड शोधण्याची रीत साखळी मधोमध तोडण्याची आहे. प्रक्षेपक वारंवार ट्रिप होत, म्हणजे आपोआप बंद पडत, असेल तर पहिला प्रश्न असा: दोष प्रक्षेपकात की अँटेनाच्या बाजूला? उत्तर डमी लोड देतो. प्रक्षेपकाची सगळी शक्ती मास्टऐवजी या मोठ्या, थंड ठेवलेल्या रोधात सोडली आणि प्रक्षेपक शांत चालला, तर दोष पुढे, फीडरमध्ये किंवा मास्टच्या पायथ्याशी. तिथेही ट्रिप झाला तर मागे. एका चाचणीत अर्धे केंद्र निर्दोष ठरते. दुसरा प्रश्न: ट्रिप केव्हा होतो? शंभर किलोवॅटच्या वाहक लहरीवर पूर्ण मॉड्युलेशन चढले की क्षणिक शक्ती चारशे किलोवॅटपर्यंत जाते आणि दाब दुप्पट होतो. निवेदकाच्या बोलण्यात ठीक राहणारा प्रक्षेपक जाहिरातीच्या ढणढणाटात ट्रिप होत असेल, तर कुठेतरी इन्सुलेशन दाबाच्या काठावर आहे.

तिसरी खूण वेळेची. पहाटे प्रसारणाची सभा सुरू झाल्यावर प्रक्षेपक दोन-तीनदा ट्रिप होतो, ओव्हरलोड रिले तिसऱ्यांदा कायम बंद करतो, शक्ती कमी करून चालवला तर चालतो आणि ऊन वर आले की पूर्ण शक्तीवर दिवसभर बिनतक्रार. अशा वेळी प्रक्षेपकाचे कपाट उघडून सुटे भाग बदलत बसणे म्हणजे दिवस वाया. धुळीच्या थरावर दव पडून फीडरच्या किंवा तणाव्यांच्या इन्सुलेटरवर ओली वाट तयार झालेली असते आणि ऊन ती वाळवते. परावर्तित शक्तीचा मीटर हे सांगतो: स्थायी तरंगाचे प्रमाण दोनास एक झाले की शक्तीचा सुमारे नववा भाग परत येतो, म्हणजे शंभरातले अकरा किलोवॅट. रात्री अंधारात उभे राहून पाहिले तर इन्सुलेटरवरची निळसर ठिणगी डोळ्यांनाही दिसते. इलाज म्हणजे बंद करून, अर्थ करून, कापडाने एकेक इन्सुलेटर पुसणे.

जोडाचा दोष वेगळा दिसतो. पन्नास ओहमच्या फीडरमधून शंभर किलोवॅट जातात तेव्हा सुमारे ४५ अँपिअर प्रवाह वाहतो. एखाद्या बोल्टखाली गंजाने ओहमचा दहावा भाग रोध तयार झाला तरी तिथे दोनशे वॅट उष्णता निघते. तांबे काळे पडते, स्प्रिंग वॉशरचा ताण जातो, जोड आणखी सैल होतो, आणखी तापतो. प्रक्षेपण थांबताच पायथ्याच्या खोलीत जाऊन, मास्ट अर्थ करून, प्रत्येक जोडावर हात ठेवून पाहण्याची जुनी पद्धत याचसाठी होती. आता तापमान दाखवणारा कॅमेरा हेच काम प्रक्षेपण चालू असताना, दुरून करतो.

कुवेतमध्ये हीच सगळी दुखणी अधिक तीव्र होतात. २१ जुलै २०१६ रोजी तिथल्या मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने ते मान्य केले. बाहेरची हवाच इतकी गरम असेल तर पंख्याने काही थंड होत नाही; वातानुकूलन बंद पडले की प्रक्षेपकही मिनिटांत बंद करावा लागतो. म्हणून तिथे वातानुकूलन यंत्र हा प्रक्षेपकाचाच भाग मानावा लागतो, राखीव यंत्रासह. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मे होते, तेव्हा पॉवर सप्लायचे भाग पुण्यात जितके टिकतील तितके तिथे टिकत नाहीत.

उन्हाळ्यात वायव्येकडून वाहणारा शमाल धूळ आणतो. त्या बारीक धुळीने फिल्टर भरतो, हवेचा ओघ घटतो, तापमान चढते आणि प्रक्षेपक स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करतो. इन्सुलेटरवर बसलेली हीच धूळ कोरडी असेपर्यंत निरुपद्रवी असते. वारा फिरून आग्नेयेकडून समुद्रावरचा दमट कौस सुरू झाला की तिच्यातले क्षार ओलावतात आणि ओल्या इन्सुलेटरचा वर सांगितलेला पहाटेचा प्रसंग तिथे रात्रभर चालतो. याच कारणाने कुवेतमध्ये उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांचे इन्सुलेटरही नियमित धुवावे लागतात.

श्रोत्याची प्रत्येक तक्रार मात्र केंद्राच्या बिघाडाची नसते. कुवेत शहराच्या नैर्ऋत्येला, फरवानिया प्रांतातल्या रिग्गईसारख्या दाट इमारतींच्या वस्तीत एफएमची लहर भिंतींवर आदळून वेगवेगळ्या वाटांनी रेडिओपर्यंत येते. त्या लहरी एकमेकींना छेदल्या की आवाज फाटतो, आणि रेडिओ हातभर सरकवला की सुधारतो. मध्यम लहरींवर लिफ्ट, एलईडी दिवे आणि चार्जर यांचा खरखराट चढतो. तक्रार एका इमारतीतून आली की पूर्ण पट्ट्यातून, ती दिवसाची की रात्रीची, हे विचारल्याशिवाय प्रक्षेपकाला हात न लावणे हेच शहाणपण.

कोकण किनाऱ्यावर वर्षाचे वेळापत्रक पावसाभोवती फिरते. मे महिन्यात मास्टचे रंगकाम, तणाव्यांचा ताण, ठिणगीच्या फटीचे अंतर, पायथ्याच्या खोलीचे छप्पर आणि अर्थिंगचा रोध पाहून घेतात. मास्टखालचे गवत कापलेले ठेवणे हाही देखभालीचाच भाग, कारण वाळलेले गवत ठिणगीने पेटते.

रोजची देखभाल मीटरच्या नोंदींनी चालते. ठरावीक वेळेला प्रक्षेपकाचे दाब, प्रवाह, तापमान, परावर्तित शक्ती लॉगबुकात लिहिली जाते. एक आकडा फारसे काही सांगत नाही. महिन्याभराचे आकडे एकाखाली एक वाचले की फिलामेंटचा प्रवाह घटत चालला आहे किंवा बाहेर जाणाऱ्या हवेचे तापमान दर आठवड्याला अर्धा अंश वाढते आहे, हे दिसते. ब्रेकडाऊन होण्याच्या आधी तो इथे लिहिलेला असतो. ही वही मन लावून वाचणारा अभियंता केंद्राचा सर्वांत मोलाचा माणूस. कामाला मोकळा वेळ सभांच्या मधला किंवा रात्री प्रक्षेपण संपल्यावरचा. पहाटेच्या ओळखधुनीच्या आत कपाटे बंद, अर्थिंगचे आकडे जागेवर आणि फिलामेंट तापलेले असावे लागते. विजेचेही तसेच: डिझेल जनरेटर दर आठवड्याला पूर्ण भारावर चालवून पाहिला नाही, तर ऐन वेळी बॅटरी उतरलेली सापडते.

स्टुडिओच्या बाजूचे बिघाड सौम्य असतात. पूर्वी फेडरची खरखर आणि टेपमशीनचे डोके साफ करणे यात वेळ जाई. आता संगणक, नेटवर्क आणि दुव्याचा राखीव मार्ग याकडे लक्ष द्यावे लागते. सगळ्यात चिवट दोष अर्थिंगचा गुणगुणाट, जो एकाच उपकरणाला दोन वाटांनी अर्थ मिळाल्याने येतो आणि केबल एकेक काढूनच सापडतो.

नवे प्रक्षेपक ट्रान्झिस्टरचे आहेत. त्यांत अनेक छोटी मॉड्यूल समांतर चालतात. एक गेले तर शक्ती थोडी घटते, प्रसारण चालू राहते आणि काही यंत्रांत ते मॉड्यूल चालू प्रक्षेपकातूनच काढून बदलता येते. मीटरचे आकडे दूरवरच्या संगणकावर दिसत असल्याने मनुष्यबळ कमी झाले आहे. मात्र विजेच्या कडकडाटात व्हॉल्व्ह जे सोसत असे ते ट्रान्झिस्टर सोसत नाही, त्यामुळे सर्ज अरेस्टर आणि अर्थिंग यांचा दर्जा पूर्वीपेक्षा चढा लागतो.

साताऱ्यातल्या म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखी सामुदायिक केंद्रे या सगळ्याची लहान आवृत्ती आहेत. भारतातल्या नियमांनुसार अशा केंद्राची प्रभावी शक्ती सर्वसाधारणपणे शंभर वॅट आणि अँटेनाची उंची तीस मीटर इतकीच. वेगळा अभियंता ठेवणे अशा केंद्रांना परवडत नाही. कार्यक्रम करणाऱ्या माणसालाच अँटेनाच्या केबलच्या टोकाला पाणी शिरले आहे का, हे पाहता यावे लागते. परावर्तित शक्ती वाढलेली दिसली की प्रक्षेपक बंद करून कनेक्टर उघडायचा, आतला पितळी पिन हिरवा पडला असेल तर केबलचे टोक तेवढे कापून नवा कनेक्टर लावायचा, वरून रबराची चिकटपट्टी खालून वर गुंडाळायची, आणि पाणी टोकाशी न येता खाली गळून जावे म्हणून केबलला कनेक्टरच्या आधी एक झोळ द्यायचा.