बारा व्होल्टची भट्टी

मोटारीच्या बॅटरीच्या दोन टोकांना कोरडा हात लागला तर काही कळतही नाही. पण त्याच दोन टोकांवर चुकून लोखंडी पाना आडवा पडला, तर ठिणग्यांचा फवारा उडतो, पाना जागीच चिकटतो आणि बघता बघता लालबुंद होतो! ज्या विजेचा बोटाला साधा चटकाही बसत नाही, ती पोलाद कशी तापवते?

सगळा खेळ रोधाचा आहे. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहमचा, त्यामुळे १२ व्होल्टचा जोर तिथे थिटा पडतो. पान्याचा रोध मात्र जवळजवळ शून्य. त्यातून एकदम शेकडो अँपिअर प्रवाह धावतो. उष्णता तर त्याहून वेगाने वाढते: प्रवाह दुप्पट झाला की चौपट, तिप्पट झाला की नऊपट. बिअर गाळणाऱ्या घराण्यातल्या जेम्स जूल या इंग्रज तरुणाने पाण्यात तारेची वेटोळी बुडवून तापमान मोजलं आणि १८४१ मध्ये हा नियम मांडला. जुन्या गाड्यांना लागणाऱ्या कितीतरी आगी याच नियमाने पेटतात.

फोक्सवॅगनची बीटल घ्या. तिची बॅटरी असते मागच्या सीटखाली. सीटमध्ये पोलादी स्प्रिंगा आणि वर वाळक्या तंतूंचं भरण. बॅटरीवर कंपनीने एक झाकण दिलं होतं. पन्नास वर्षांत ते कुठेतरी हरवतं. मग एक दिवस मागे दोन धिप्पाड पाहुणे बसतात, सीट दबते आणि स्प्रिंग बॅटरीच्या धन टोकाला टेकते. सीटचा सांगाडा गाडीच्या पत्र्याला लागलेला आणि पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला. झालं, सर्किट पूर्ण! स्प्रिंग तापते, तंतू धुमसू लागतात आणि पाहुण्यांना आधी फक्त जळका वास येतो.

मग फ्यूज काय करत होता? तो या वाटेवर नव्हताच! फ्यूजची पेटी पुढे, डॅशबोर्डपाशी. स्प्रिंगेने प्रवाहाला दिलेली आडवाट सीटखालीच पुरी होते. जुन्या गाड्यांत फ्यूज मुळातच मोजके. १९६२ मध्ये आलेल्या एमजीबी या लाडक्या ब्रिटिश गाडीत सुरुवातीला दोनच होते आणि हेडलाइट त्यांतल्या एकावरही नव्हते.

पण मला खरं थक्क करते ती याच्या अगदी उलटी गोष्ट. रोध नाहीसा झाल्याने आग लागते हे पटतं; थोडासा रोध वाढल्यानेही लागते! समजा दिव्यांच्या वायरीतून १० अँपिअर प्रवाह जातो आहे. एका जोडावर हिरवट कळंक चढला, पकड सैल झाली आणि तिथे जेमतेम अर्धा ओहम रोध आला. प्रवाह उतरून साधारण ७ अँपिअरवर येतो आणि दिवे मंदावतात. आता सात गुणिले सात गुणिले अर्धा करून पाहा: जवळजवळ २५ वॉट, तेही करंगळीच्या नखाएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा सोल्डरिंग आयर्न एवढ्याच ताकदीचा असतो! वायरीवरचं जुनं रबर आधीच कडक होऊन तडकलेलं. ते करपतं, झडतं आणि उघडं तांबं पत्र्याला टेकायला मोकळं होतं. फ्यूज गप्पच, कारण तो फक्त जादा प्रवाहाला वितळतो आणि इथे प्रवाह कमी झाला आहे.

आणखी एक करामत सांगायलाच हवी. इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं, म्हणून ते एका जाड पट्टीने बॉडीशी जोडतात. तिला मेकॅनिक अर्थची पट्टी म्हणतात. ती तुटली आणि तुम्ही सेल्फ मारला, तर स्टार्टरच्या त्या प्रचंड प्रवाहाने परतायचं कुठून? तो सापडेल ती धातूची वाट धरतो, अगदी चोकची बारीक केबलसुद्धा. ती तापून लाल होऊ शकते, आणि तिचं दुसरं टोक असतं थेट कार्बुरेटरवर, पेट्रोलशेजारी!

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर दिवे दहा मिनिटं लावून ठेवा. मग ते बंद करून स्विच, फ्यूजच्या क्लिपा आणि एकेक जोड बोटाने चाचपा. शेजाऱ्यांपेक्षा गरम लागेल तो जोड त्याच दिवशी बदला. अर्थची पट्टी तपासा. बीटल असेल तर सीट उचला आणि बॅटरीवर झाकण आहे ना, ते बघा. बॅटरीपाशी एक कटऑफ स्विचही बसवून घ्या आणि गाडी उभी केलीत की तो बंद करा.