दट्ट्याची धाव वाढवताना

एंजिनाची शक्ती वाढवावयाची, तर दर फेऱ्यात त्याने अधिक मिश्रण जाळले पाहिजे. त्यासाठी घनक्षमता वाढवणे हा सरळ उपाय होय. ही क्षमता दोन मापांवर अवलंबून असते : सिलिंडराचा आतील व्यास आणि त्यात वरखाली होणाऱ्या दट्ट्याची, म्हणजेच पिस्टनची, धाव. व्यास वाढवण्यास सिलिंडराच्या भिंतीच्या जाडीची मर्यादा पडते. धाव मात्र क्रँकवर ठरते. क्रँक बदलला की धाव बदलते. अशा अधिक धावेच्या क्रँकला ‘स्ट्रोकर क्रँक’ म्हणतात.

या उपायाचे गुणदोष यामाहा बॅन्शी या वाहनाच्या उदाहरणावरून चांगले समजतात. मोटारसायकलीसारखे आसन व हँडल असलेले, आडरानात आणि वाळूत चालणारे हे चारचाकी वाहन अमेरिकेत १९८७ पासून २००६ पर्यंत विकले जात असे. वाळूच्या उंच टेकड्या वेगाने चढण्याची हौस असलेल्या चालकांनी त्याच्या एंजिनात नाना फेरफार केले. हे एंजिन दोन सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक पद्धतीचे व पाण्याने थंड होणारे आहे. त्याचा व्यास ६४ मिलिमीटर, धाव ५४ मिलिमीटर आणि घनक्षमता ३४७ घन सेंटिमीटर आहे. भारतात १९८३ मध्ये आलेल्या राजदूत ३५० या मोटारसायकलीच्या एंजिनाचा व्यास व धाव हीच होती.

आता ५८ मिलिमीटर धावेचा क्रँक बसवला, असे समजू. क्रँकपिन अक्षापासून २७ ऐवजी २९ मिलिमीटरांवर येते. दट्ट्या पूर्वीपेक्षा २ मिलिमीटर वर जातो आणि तितकाच अधिक खाली येतो. घनक्षमता ३७३ घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ७ टक्क्यांनी अधिक होते.

परंतु वर सरकलेला दट्ट्या सिलिंडराच्या डोक्यावर, म्हणजे हेडवर, आदळेल. यावर दोन मार्ग आहेत. एक, सिलिंडराखाली २ मिलिमीटर जाडीची पट्टी घालून तो उचलणे. दुसरा, हेड आतून तितके कोरणे. दोहोंचा परिणाम सारखा नाही. टू-स्ट्रोक एंजिनात वायूंची ये-जा सिलिंडराच्या भिंतीतील द्वारांतून होते आणि ती द्वारे दट्ट्याच उघडतो व मिटतो. सिलिंडर उचलला की द्वारेही उचलली जातात. ती लवकर उघडतात व अधिक काळ उघडी राहतात. त्यामुळे जोर वरच्या वेगात मिळतो आणि खालच्या वेगात तो घटतो. हेड कोरल्यास मूळची वेळ फारशी ढळत नाही. कोणताही मार्ग घेतला, तरी दट्ट्या व हेड यांमधील फट प्रत्यक्ष मोजावी लागते. त्यासाठी मऊ शिसमिश्रित तार आत ठेवून क्रँक हाताने फिरवतात आणि दबलेल्या तारेची जाडी मोजतात. कनेक्टिंग रॉड क्रँकपेटीला कोठे घासत नाही ना, हेही त्याच वेळी पाहतात.

दुसरा प्रश्न भाराचा आहे. मिनिटाला ९,००० फेरे धरले, तर दट्ट्याची सरासरी गती सेकंदाला १६.२ मीटरांवरून १७.४ मीटरांवर जाते. वरच्या टोकाशी त्याला थांबवून परत फिरवणारे त्वरण मुळातच गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ३,००० पट असते; कनेक्टिंग रॉडची लांबी तीच राहिल्यास ते आणखी ९ टक्क्यांनी वाढते. हा सारा भार पिन, बेअरिंग आणि रॉड यांवर पडतो. या एंजिनाचा क्रँक सुटे भाग दाबून जोडलेला असतो. त्यामुळे पिना तसूभरही सरकू नयेत म्हणून त्या वितळजोडाने पक्क्या करण्याची प्रथा आहे, आणि क्रँकचा वाकडेपणा मिलिमीटराच्या शतांशांत तपासला जातो.

शेवटी इंधनाचा विचार येतो. एंजिन अधिक हवा ओढू लागले आणि कार्ब्युरेटरचे जेट मात्र जुनेच राहिले, तर मिश्रण विरळ होते, उष्णता वाढते आणि दट्ट्या सिलिंडरात जाम होतो. भर वेगात असे झाल्यास मागील चाके एकाएकी अडतात आणि चालकाच्या जिवावर बेतते.

म्हणून स्ट्रोकर क्रँक हा केवळ एक सुटा भाग बदलण्याचा प्रकार नव्हे. चार मिलिमीटरांचा फरक हेड, द्वारे, बेअरिंग आणि कार्ब्युरेटर या साऱ्यांपर्यंत पोहोचतो. सात टक्के अधिक घनक्षमतेसाठी नऊ टक्के अधिक भार सोसण्याची तयारी ज्या एंजिनात केलेली असते, तेच टिकते.