फायनल, फायनल-२, फायनल-खरंच

आधी एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लेख लिहायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. ऱ्हस्व-दीर्घ आईने तपासलेत, उरलेल्या चुका माझ्या!

विषय आहे ऑटोकॅडमध्ये प्रोजेक्टच्या फाइल्स कशा मांडायच्या. "त्यात काय? फोल्डर करा, सेव्ह करा, झालं," असं तुम्ही म्हणाल. आमचा चौघांचा ग्रुपही हेच म्हणत होता.

टीईला आम्ही एका जुन्या वाड्याचं मोजमाप करून ड्रॉइंग करायचं ठरवलं. वाडा त्र्यंबकेश्वरचा, एका तीर्थोपाध्याय गुरुजींचा. त्र्यंबकेश्वराचं मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. आमच्या वाड्याचा मात्र साधा कच्चा नकाशाही कुणाकडे नव्हता. मे महिन्यात टेप आणि लेझर घेऊन आम्ही दोन शनिवार-रविवार तिथे घालवले. एकाने तळमजला घेतला, एकाने माडी, एकीने उभे छेद आणि मी मागची पडवी. प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर काढायचं आणि "नंतर जोडू" असं ठरलं. हे "नंतर जोडू" लक्षात ठेवा.

त्र्यंबकचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. ऑगस्टमध्ये मागची भिंत बसली आणि तिच्यासोबत पडवी गेली. सुदैवाने कुणाला लागलं नाही. दोन दिवसांनी गुरुजींचा फोन आला, "बाळ, तुमच्याकडे पडवीचा नकाशा आहे ना? सुताराला द्यायचाय. होती तशीच बांधायची म्हणतोय."

मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं आणि पेनड्राइव्ह उघडला. त्यात 'पडवी फायनल', 'पडवी फायनल-२' आणि 'पडवी फायनल-खरंच' अशा तीन फाइल्स. एकीत खांबांमधलं अंतर १६५० मिलिमीटर, दुसरीत १५६०. तिसरीत मापंच नव्हती! सबमिशनच्या आदल्या रात्री प्रिंट स्वच्छ यावी म्हणून कुणीतरी सगळी डायमेन्शन्स पुसली होती. (कोणी ते मी सांगणार नाही. मीही असू शकते.)

इथे पहिली तांत्रिक गोष्ट. ऑटोकॅडमध्ये सेव्ह केलं की आधीची आवृत्ती त्याच नावाच्या 'बॅक' फाइलमध्ये जाते. तिचं एक्सटेन्शन बदलून डीडब्ल्यूजी केलं की ती नेहमीसारखी उघडते. पण हा आधार एकाच पायरीचा! आपल्याला दर दोन मिनिटांनी कंट्रोल-एस दाबायची सवय असते. पुसल्यानंतर दोनदा सेव्ह झालं की चांगली आवृत्ती बॅकमधूनही जाते. ऑटोसेव्हची फाइल ड्रॉइंग नीट बंद केल्यावर आपोआप डिलीट होते, ती फक्त क्रॅशसाठी असते. थोडक्यात, या दोघांना बॅकअप समजू नका.

मग म्हटलं, तळमजल्याच्या प्लॅनमध्ये पडवी असेलच, दोन्ही एकावर एक ठेवून बघू. ठेवलं, तर तळमजला दिसेचना! खूप झूम केल्यावर कोपऱ्यात एक ठिपका सापडला. तो ठिपका म्हणजे अख्खा वाडा. तळमजला मीटरमध्ये काढला होता, पडवी मिलिमीटरमध्ये. ऑटोकॅडला तसं नुसता आकडा कळतो, तो मीटर की मिलिमीटर हे आपण सांगायचं असतं. युनिट्स कमांडमध्ये इन्सर्शन स्केल दोन्ही फाइल्सना बरोबर दिलं असतं तर जोडताना त्याने स्वतःच हजारपट केलं असतं. आम्ही ते 'युनिटलेस' सोडलं होतं. शिवाय प्रत्येकाचा शून्य बिंदू वेगळा. माडी तळमजल्यापासून चांगली दोन गल्ल्या लांब तरंगत होती.

शेवटी आकड्याचा निकाल लागला तो जुन्या पद्धतीनेच. तळमजलावाल्याने पडवीची एकूण लांबी एका टेपमध्ये घेतली होती, टोकाच्या खांबाच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या मध्यापर्यंत ६.६० मीटर. गुरुजी म्हणाले, "पडवी चार खणी होती." चार खण म्हणजे भागिले चार, १६५० मिलिमीटर. १५६० हा टाइप करताना उलटा पडलेला आकडा. खांबाची उंची मात्र गेली. ती एकाच फाइलमध्ये होती आणि त्या फाइलमधूनच पुसली गेली होती. वहीचं ते पानही सापडलं नाही.

नकाशा घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी सहज विचारलं, "तुमचं मूळ गाव कोणतं?" मी सांगितलं, आडनाव सांगितलं. त्यांनी फडताळातून लाल बासन काढलं. त्र्यंबकचे तीर्थोपाध्याय यजमानांच्या नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या ठेवतात हे ऐकून माहीत होतं. आधी गाव, मग घराणं, मग साल. चहा निवायच्या आत माझ्या पणजोबांची सही समोर होती, मोडीत! मला वाचताही आली नाही. खाली आजोबांची नोंद वेगळ्या शाईत. मी विचारलं, "पत्ता बदलला तर जुना खोडता का?" ते म्हणाले, "खोडायचं कशाला? खाली नवीन लिहायचं." मी नकाशाच्या गुंडाळीकडे बघत बसले.

घरी येऊन आम्ही सगळं नव्याने मांडलं. आधी एकच कोरी टेम्प्लेट फाइल केली. तिच्यात युनिट मिलिमीटर, लेयर्स, टेक्स्ट स्टाइल सगळं ठरवून ठेवलं आणि प्रत्येक ड्रॉइंग तिच्यातूनच सुरू केलं. चौकातल्या तुळशीवृंदावनाचा नैर्ऋत्य कोपरा म्हणजे शून्य-शून्य, सगळ्या मजल्यांसाठी. तो कोपरा हलणार नाही आणि सगळ्यांना माहीत आहे. (टेक्स्ट स्टाइलबद्दल एक सूचना: 'माजघर', 'देवघर' अशी नावं मराठीत द्यायची असतील तर युनिकोडचा ट्रूटाइप फॉन्ट निवडा. ऑटोकॅडच्या नेहमीच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नसतात, त्यामुळे माजघराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात.)

मग एक्सरेफ, म्हणजे एक्स्टर्नल रेफरन्स. सरांनी हे लेक्चरला शिकवलं होतं आणि तेव्हा आम्ही कँटीनमध्ये होतो. एका फाइलमधलं ड्रॉइंग दुसरीत ब्लॉक म्हणून इन्सर्ट केलं की त्याची झेरॉक्स होते. मूळ बदललं तरी झेरॉक्स तशीच राहते. एक्सरेफ म्हणजे खिडकी. मूळ फाइल बदलून सेव्ह केली की रीलोड केल्यावर खिडकीतून नवीन दिसतं. म्हणून तळमजला, माडी, पडवी या मूळ फाइल्स वेगळ्या, प्रत्येकीचा मालक एक, आणि बदल फक्त मालकाने करायचा. प्रिंटच्या शीट वेगळ्या. शीटमध्ये चौकट, शीर्षक आणि १:५० ची खिडकी, बाकी सगळं एक्सरेफने. प्रिंटमध्ये मापं नकोत? शीटमध्ये त्या लेयरचा दिवा बंद करा, मूळ फाइलला कुणी हात लावायचा नाही. एवढं आधी केलं असतं तर खांबाची उंची आज आमच्याकडे असती.

एक्सरेफचा एक त्रासही आहे. फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेला की कधीकधी ड्रॉइंगच्या जागी फाइलच्या पत्त्याची एक ओळ दिसते. पत्ता पूर्ण दिलेला असला, म्हणजे अमक्याच्या लॅपटॉपचा डी ड्राइव्ह वगैरे, तर दुसरीकडे तो सापडणार कसा? पाथ नेहमी रिलेटिव्ह ठेवा. ऑटोकॅड २०१८ पासून तो तसाच येतो, कॉलेजच्या लॅबमध्ये जुनी आवृत्ती असेल तर स्वतः निवडावा लागतो. कुणाला पाठवताना ई-ट्रान्समिट वापरा, एक्सरेफ, फॉन्ट, प्लॉट स्टाइल सगळं एका झिपमध्ये बांधलं जातं. त्यातच जुन्या आवृत्तीत सेव्ह करायची सोयही आहे, नाहीतर लॅबमध्ये फाइल उघडणारच नाही.

फोल्डरचं सांगायचं तर आमचे पाचच आहेत: मोजमापं, मूळ, शीट, पाठवलेलं, जुनं. 'मोजमापं'मध्ये वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो, त्याच संध्याकाळी काढलेला. 'फायनल' शब्दावर बंदी. नावाच्या शेवटी तारीख, आधी साल, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. पेनड्राइव्हवरून थेट फाइल उघडून काम करायचं नाही, आधी लॅपटॉपवर कॉपी. आणि दर रविवारी पूर्ण फोल्डर 'जुनं'मध्ये, शिवाय एक प्रत दुसऱ्याच्या घरी.

पडवीचं काम दिवाळीनंतर झालं. सुतारकाकांनी उभ्या राहिलेल्या बाजूच्या भिंतीत तुळईची खोबण शोधली आणि जोत्यापासून तिथपर्यंत टेप लावून उंची काढली. ते माप मी शीटवर घातलंय, पुढे 'सुताराकडून' आणि तारीख. गुरुजींना एक प्रिंट नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून ती बराच वेळ बघितली, मग विचारलं, "यात मागची न्हाणी कुठाय?"

न्हाणी मोजायची राहिलीय. पुढच्या शनिवारी जाणार आहोत.