जुन्या मोटारीच्या निर्वात नळ्यांची जोडणी

1952 साली सामुदायिक विकास योजना सुरू झाली व पेट्रोलवर चालणाऱ्या जीपगाड्या खेडोपाडी दिसू लागल्या. तशा प्रकारची कारब्युरेटर असलेली जुनी वाहने काही शेतकरी आजही बाळगून आहेत. इंजिन उतरवून पुन्हा बसविताना त्यांच्या रबरी नळ्यांची अदलाबदल होते. गाडी चालू तर होते, परंतु पेट्रोल अधिक खाते आणि क्वचित प्रसंगी ब्रेकही दगा देतो.

दट्ट्या खाली जाताना हवा ओढतो. कारब्युरेटरची झडप मिटलेली असता ती हवा पुरेशी मिळत नाही व शोषण-नळीत अंशतः निर्वात स्थिती उत्पन्न होते. सुस्थितीतील इंजिन समुद्रसपाटीवर सावकाश चालत असता हे प्रमाण साधारणतः 17 ते 21 इंच पाऱ्याइतके असते. झडप उघडताच ते घटते.

डिस्ट्रिब्यूटरची नळी बहुतेक इंजिनांत कारब्युरेटरवरील अशा छिद्रास जोडावयाची असते, की जे मिटलेल्या झडपेच्या किंचित वर असते. इंजिन सावकाश चालू ठेवून त्या छिद्रावर बोट धरावे. ओढ जाणवू नये. वेग वाढविताच जाणवावी. प्रथमपासूनच ओढ असेल, तर ते छिद्र शोषण-नळीचे समजावे. तेथे नळी लावल्यास ठिणगी अवेळी लवकर पडते, इंजिनाचा वेग वाढतो आणि कारागीर खरा दोष सोडून स्क्रू पिळीत बसतो. काही इंजिनांची रचना मात्र मुळातच शोषण-नळीच्या जोडणीची असते. म्हणून निर्मात्याची पुस्तिका पाहिल्यावाचून निर्णय करू नये.

ज्या गाडीत ब्रेकला निर्वाताचे साहाय्य आहे, तिची नळी स्वतंत्र व जाड असावी. तीतून अन्य फाटे काढू नयेत. तिच्यातील एकमार्गी झडपेने हवा केवळ इंजिनाकडे जाऊ द्यावयाची असते. ती उलट बसल्यास साहाय्य मिळत नाही व घाट उतरताना पेडल दगडासारखे कठीण लागते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, नंतर दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पेडल थोडे खाली गेले, तर जोडणी ठीक आहे.

क्रॅंक-पेटीतील वाफ ओढून घेणारी नळी तिच्या झडपेसह शोषण-नळीसच जोडावी. ती बुजविल्यास आतील दाब वाढून सांध्यांतून तेल पाझरते. तिचे तोंड उघडे टाकल्यास इंजिन फाजील हवा ओढते. न लागणारी प्रत्येक तोटी टोपणाने बंद करावी. सायकलच्या ट्यूबचा तुकडा येथे चालत नाही. तो उष्णतेने व तेलाने मऊ पडून आत चिकटतो. गळती शोधण्यास सांध्यावर तेलाचे थेंब सोडावे. इंजिनाची चाल बदलली, तर हवा तेथूनच शिरते असे समजावे. या कामी पेट्रोल मुळीच वापरू नये, भडका उडतो.

उंच प्रदेशात दर 1000 फुटांस मापकाचा आकडा सुमारे 1 इंच कमी येतो. महाबळेश्वरी तो चारएक इंचांनी उतरलेला दिसला, तर इंजिनास दोष देऊ नये. तसेच जुन्या जीपचा निर्वातावर चालणारा वायपर चढणीवर, नेमक्या भर पावसात, मंदावतो. झडप पूर्ण उघडी असल्याने तसे होते. पाय क्षणभर सैल केला की तो पुन्हा फिरू लागतो.