सिंधुदुर्ग जिल्हा

सिंधुदुर्ग जिल्हा : महाराष्ट्र राज्याच्या दक्षिण कोकणातील एक ग्रामीण जिल्हा. क्षेत्रफळ ५,२०७ चौ. किमी. लोकसंख्या ८,४९,६५१ (२०११). याच्या उत्तरेस रत्नागिरी जिल्हा, पूर्वेस कोल्हापूर जिल्हा व कर्नाटक राज्य, दक्षिणेस गोवा राज्य आणि पश्चिमेस अरबी समुद्र आहे. रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी हा अस्तित्वात आला. मालवणजवळच्या सागरी किल्ल्यावरून त्यास हे नाव मिळाले. जिल्ह्याचे ठिकाण कोणत्याही जुन्या नगरात न ठेवता ते ओरोस येथे नव्याने वसविण्यात आले.

सह्याद्रीचे उतार, नद्या व खाड्या यांमुळे येथील वस्ती विखुरलेली असून एकेक गाव अनेक वाड्यांचे बनलेले असते. सु. ८७ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते व एकाही नगराची लोकसंख्या २५ हजारांवर नव्हती (२०११). सावंतवाडी, मालवण व वेंगुर्ले येथे नगरपरिषदा आहेत. सावंतवाडी ही पूर्वीच्या संस्थानाची राजधानी; लाकडी खेळणी व गंजीफा यांसाठी ती प्रसिद्ध आहे. मालवण हे मासेमारीचे व पर्यटनाचे केंद्र आहे. वेंगुर्ले हे जुने बंदर असून तेथे डचांची वखार होती. अलीकडे वर्गीकृत कचऱ्यावरील प्रक्रियेबद्दल तेथील नगरपरिषदेची ख्याती झाली. कणकवली, कुडाळ, देवगड–जामसंडे, वैभववाडी व कसई–दोडामार्ग येथे नगरपंचायती आहेत. त्यामुळे आठही तालुक्यांच्या ठिकाणी नागरी स्वराज्य संस्था निर्माण झाल्या आहेत.

भात, आंबा, काजू, नारळ व मासे यांवर जिल्ह्याची उपजीविका चालते. बारमाही रोजगार अपुरा असल्याने मुंबईकडे स्थलांतराची परंपरा जुनी आहे. २००१ मध्ये ८,६८,८२५ असलेली लोकसंख्या २०११ पर्यंत घटली. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. कोकण रेल्वे (१९९८) व चिपी विमानतळ (२०२१) यांमुळे दळणवळण सुधारले. तथापि केवळ दळणवळणाने स्थलांतर थांबत नाही.

येथील नगरे आसपासच्या वाड्यांच्या बाजारपेठा, शाळा व रुग्णालये यांची केंद्रे आहेत. नगरांचा कारभार नगरपरिषदा व नगरपंचायतींकडे, तर ग्रामीण भागाचा जिल्हा परिषद, पंचायत समित्या व ग्रामपंचायती यांच्याकडे असतो. नगरांतील सेवा घेणारे पुष्कळसे लोक त्यांच्या हद्दीबाहेर राहत असल्याने तेथील करांतून त्यांचा भार पेलणे कठीण जाते. म्हणून दोहोंच्या योजनांची सांगड घालणाऱ्या जिल्हा नियोजन समितीच्या कार्यास येथे विशेष महत्त्व आहे.