चहातली गोळी आणि चहातली साखर

मधुमेह म्हणजे पुण्या-नागपुरातल्या बैठ्या नोकरदारांचा आजार, हा समज झरी जामणीसारख्या कापूसपट्ट्यातल्या तालुक्यातही आता टिकण्यासारखा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत २०११ सालीच महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या ६.५ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला होता. तरीही चहात साखरेऐवजी गोडव्याची गोळी टाकणाऱ्याला ‘अरे, त्यानं कॅन्सर होतो’ असं हमखास ऐकवलं जातं. दोन चमचे साखर टाकणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही. ही भीती उलट्या जागी बसलेली आहे, असं माझं मत आहे.

या भीतीला जुलै २०२३ मधल्या बातमीनं जोर आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अशा गोळ्यांतल्या ॲस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हणजे २-ब गटात टाकलं. त्याच गटात कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही आहे, हे बातमीत क्वचितच आलं. रानात साप आहे का, हा एक प्रश्न. आपला पाय त्याच्यावर पडण्याची शक्यता किती, हा दुसरा. ही संस्था फक्त पहिल्याचं उत्तर देते. दुसरा प्रश्न हाताळणाऱ्या तज्ज्ञ समितीनं त्याच दिवशी जुनीच मर्यादा कायम ठेवली: शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ही मर्यादा २,४०० मिलिग्रॅम पडते आणि चहाच्या एका गोळीत ॲस्पार्टेम असतं साधारण २० मिलिग्रॅम. आता साखरेचा हिशेब करा. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे, चमच्यात पाच ग्रॅम, म्हणजे पन्नास ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये सांगितलेल्या पंचवीस ग्रॅमच्या दुप्पट साखर नुसत्या चहातूनच गेली. बिस्किटं अजून मोजलेलीच नाहीत.

यावर एक आक्षेप मात्र वजनदार आहे. फ्रान्समध्ये लाखभर लोकांच्या अभ्यासात गोडव्याचे पर्याय जास्त घेणाऱ्यांत कर्करोग किंचित अधिक दिसला आणि इस्रायली संशोधकांना सॅकरिन व सुक्रालोजमुळे काहींच्या आतड्यातले जिवाणू बदललेले आढळले. पहिल्या अभ्यासात एक अडचण आहे: वजन वाढलेली, आजाराच्या उंबरठ्यावरची माणसंच अशा गोळ्यांकडे आधी वळतात, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे वेगळं काढता येत नाही. दुसरा अभ्यास दोन आठवड्यांचा आणि मोजक्या लोकांवरचा. दोन्ही दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत, पण साखरेचा दात, यकृत आणि वजनावरचा परिणाम दाखवणारा पुरावा त्यांच्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

म्हणून गोळी सर्वांनी घ्यावी, असं मात्र नाही. वजन घटवण्यासाठी या पर्यायांवर भिस्त ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनंच मे २०२३ मध्ये सांगितलं. आधीपासून मधुमेह असलेल्यांना त्या सल्ल्यातून वगळलं होतं. गोळी उपयोगाची आहे ती त्यांनाच, ज्यांची साखर वाढलीय आणि गोड चहा सुटत नाही. निरोगी माणसानं चमचा अर्धा करावा. जीभ काही आठवड्यांत सरावते. ‘मग गुळाचा चहा घेऊ’ हा आपल्याकडचा आवडता तोडगा मधुमेह्याच्या काही कामाचा नाही. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतील, पण बहुतांश भाग सुक्रोजचाच, आणि रक्तातली साखर त्यानंही तशीच चढते. लहान मुलांना तर गोळी नकोच; ॲस्पार्टेमच्या वेष्टनावर ‘मुलांसाठी शिफारस नाही’ ही सूचना छापलेलीच असते, फक्त ती इतक्या बारीक अक्षरांत की आजोबांना चष्मा लावूनही दिसू नये.