चष्मा काढायचं लेझर : आधी तपासणी, मग निकाहची तारीख

परीक्षा आटोपल्या की आपल्या घरांत दोन कामं जोरात सुरू होतात. मुलांच्या भरतीची तयारी आणि मुलींची स्थळं. दोन्हीकडे चष्मा आडवा येतो. मग कोणीतरी सांगतं, "लेझर करून टाका, दहा मिनिटांचं काम आहे." आमच्या देवगाव फाट्यावरून जालना-औरंगाबादची गाडी सहज मिळते, सेलूहून रेल्वेने हैदराबादही गाठता येतं. जाणं अवघड नाही. पण अनेक घरांत निकाहची तारीख आधी ठरते, किंवा भरतीचा फॉर्म आधी भरला जातो आणि डोळ्याची तपासणी मागाहून होते. हा क्रम उलटा आहे. शाळेत पालक मला याबद्दल विचारत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे डोळ्याच्या कुठल्याही ऑपरेशनला "लेझर" म्हणतात. दादीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वेगळं, शुगरमुळे मागच्या पडद्याला देतात ते लेझर वेगळं. चष्मा काढायच्या लेझरमध्ये फक्त कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक पडद्याचा, आकार बदलतात. त्यामुळे प्रकाश मागच्या पडद्यावर नीट जमतो आणि लांबचं स्पष्ट दिसतं.

यासाठी वापरतात त्या एक्सायमर लेझरची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. 1981 साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत आपल्या मद्रासचे रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना दिसलं, की हा लेझर पेशींचा अगदी पातळ थर काढतो आणि आजूबाजूला जळाल्याची खूण राहत नाही. प्रयोग केला होता मेजवानीतून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर! पुढे 1989 मध्ये इराणच्या शिराज शहरात जन्मलेले डॉ. गुलाम पेमन यांना कॉर्नियाचा पापुद्रा उचलून त्याखाली लेझर मारायच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. तीच आजची लॅसिक.

आता थोडं गणित, कारण सगळा निर्णय त्यावरच होतो. कॉर्नियाची जाडी साधारण 520 ते 550 मायक्रॉन असते. 1000 मायक्रॉन म्हणजे 1 मिलिमीटर. लॅसिकमध्ये वरचा सुमारे 110 मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात. चष्म्याच्या प्रत्येक नंबरामागे साधारण 12 ते 15 मायक्रॉन थर लेझर काढतो. आणि खाली निदान 250 मायक्रॉन शिल्लक राहायलाच हवेत. समजा एकीचा कॉर्निया 540 आणि नंबर मायनस 6. पापुद्र्याचे 110, लेझरचे 90, उरले 340. चालेल. दुसरीचा कॉर्निया 470 आणि नंबर मायनस 8. पापुद्र्याचे 110, लेझरचे 120, उरले 240. नाही चालणार. दोघी सख्ख्या बहिणी असल्या तरी उत्तर वेगळं. म्हणून "शेजारच्या शबानाचं झालं, मग हिचं का नाही" या प्रश्नाला अर्थ नसतो.

जाडी पुरेशी असली तरी आकार बघावा लागतो. केराटोकोनस नावाच्या आजारात कॉर्निया पातळ होत होत शंकूसारखा पुढे येतो. तो बहुधा याच वयात, शाळा-कॉलेजात असताना सुरू होतो. सुरुवातीला कळतही नाही, फक्त चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. अशा डोळ्यावर लॅसिक केलं तर कॉर्निया आणखी कमजोर होऊन फुगतो, मग चष्म्यानेही नीट दिसत नाही आणि काहींना कॉर्निया बदलायची वेळ येते. म्हणून टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाचा नकाशा काढल्याशिवाय तारीख देणाऱ्या ठिकाणाहून सरळ उठून या. घरात भाऊ-बहीण, मामा-खाला, कोणाला हा आजार असेल, किंवा मुलाला डोळे चोळायची सवय असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा. लपवून फायदा नाही.

वय किमान 18 हवं आणि गेलं एक वर्ष नंबर स्थिर हवा. सतराव्या वर्षी केलं तर नंबर पुढे वाढतच राहतो. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना हे ऑपरेशन करत नाहीत, कारण तेव्हा नंबर बदलू शकतो. म्हणजे "लग्नानंतर लगेच करू" हेही दरवेळी जमत नाही. तपासणीआधी सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे, कडक लेन्स असेल तर त्याहून जास्त दिवस बंद ठेवावी लागते. नाही तर मापंच चुकतात. डॉक्टर "नाही" म्हणाले तर तपासणीची फी वाया गेली असं समजू नका. माझ्या मते त्या सगळ्या खर्चातला तोच सगळ्यात कामाचा पैसा.

भरतीवाल्या मुलांनी हे दोनदा वाचावं. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचं असेल तर लेझर करू नका. भरतीच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं, की लॅसिक किंवा चष्म्याचा नंबर घालवायचं दुसरं कुठलंही ऑपरेशन केलेला उमेदवार या पदाला पात्र नाही. चष्मा घालवायला गेले आणि नोकरी घालवून बसले, असं व्हायला नको. संरक्षण दलांच्या काही प्रवेशांत लेझर चालतं, पण ऑपरेशनच्या वेळी वय 20 च्या पुढे, ऑपरेशनला किमान 12 महिने झालेले, अशा अटी असतात. प्रत्येक भरतीचा नियम वेगळा आहे. जाहिरातीतला वैद्यकीय भाग आधी वाचा, अकॅडमीवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

ऑपरेशनच्या दिवशी अत्तर, सेंट, सुरमा, काजळ काही नको. अत्तर-सेंटच्या वाफेने लेझरच्या कामात अडथळा येऊ शकतो. इंजेक्शन नसतं, थेंब टाकून डोळा बधिर करतात. पापण्या क्लिपने उघड्या ठेवतात, डोळ्यावर दाब येतो, क्षणभर अंधारल्यासारखं होतं. मग समोरच्या दिव्याकडे बघत राहायचं. केस जळाल्यासारखा वास येतो, घाबरू नका, डोळा भाजत नसतो. लेझर चालतो तो एका मिनिटापेक्षाही कमी. दोन्ही डोळे धरून अर्ध्या तासात बाहेर.

त्यानंतर चार-सहा तास डोळ्यात मिरची गेल्यासारखं होतं. पाणी येतं, उजेड सहन होत नाही. औषध टाकून झोपणं उत्तम. दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेकांना चष्म्याशिवाय घड्याळ दिसतं आणि घरात आनंदीआनंद होतो. पण त्याच दिवशी डॉक्टर पुन्हा बघतात, म्हणून आपल्यासारख्या लांबून जाणाऱ्यांनी रात्रीचा मुक्काम धरूनच निघावं आणि सोबत एक जाणतं माणूस असावं. मोटारसायकलवर परत यायचा विचारही नको.

कॉर्निया पातळ असेल तर काहींना पीआरके सुचवतात. त्यात पापुद्रा नसतो, वरची नाजूक साल काढून लेझर मारतात आणि तीन ते पाच दिवस पट्टीसारखी लेन्स ठेवतात. ते दिवस खरोखर दुखतं, आणि नजर स्वच्छ व्हायला काही आठवडे लागतात. स्माईल पद्धतीत छोट्या छेदातून आतली चकती ओढून काढतात. नाव नवीन आणि महाग म्हणून तीच घ्यावी असं नाही. आपल्या डोळ्याला कुठली जमते ते विचारा.

आता घरचे प्रश्न. पहिला आठवडाभर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, मग वुजू कसा? वुजूत चेहरा धुणं फर्ज आहे, डोळ्याच्या आत पाणी घालणं नाही. डॉक्टर डोळ्याभोवती पाणी नको म्हणाले, तर बाकी चेहरा धुऊन त्या जागेवर ओला हात फिरवायची सवलत आहे. तेही नको म्हणाले तर आपल्या मशिदीतल्या आलिमांना विचारून घ्या. पहिल्या संध्याकाळी त्रास होत असेल तर बसून इशाऱ्याने नमाज पढता येते. लॅसिकनंतर सजद्याला एरवी अडचण नसते, तरी डॉक्टरांना एकदा विचारा.

रमजानबद्दल हनफी उलेमांचं मत असं, की डोळ्यात औषध टाकल्याने रोजा तुटत नाही, घशात चव जाणवली तरी. पण सुरुवातीला दर काही तासांनी थेंब, तपासणीच्या खेपा, वर प्रवास. शक्य असेल तर ऑपरेशन रमजानच्या बाहेरच ठेवा.

सुरमा महिनाभर तरी बंद. खरं तर बाजारातल्या कित्येक सुरम्यांत शिसं असतं, त्यामुळे लहान मुलांच्या डोळ्यात तो घालूच नये, लेझर असो वा नसो. आमच्याकडची दुसरी अडचण धुळीची. कापूस वेचणी, मळणीयंत्राचा भुसा, फाट्यावरची ट्रकची धूळ. महिनाभर बाहेर पडताना गॉगल, आणि विहिरीत पोहणं बंद. रात्री झोपेत डोळा चोळला जाऊ नये म्हणून आठवडाभर डोळ्यावर प्लॅस्टिकचं कवच लावून झोपायचं. अँटिबायोटिकचे थेंब साधारण आठवडाभर, स्टेरॉइडचे थेंब सांगितल्याप्रमाणे कमी करत जायचे. स्टेरॉइड मनाने चालू ठेवलं तर डोळ्याचा दाब वाढतो.

डोळे कोरडे पडणं आणि रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसणं, हे दोन त्रास बहुतेकांना काही महिने होतात. काहींचे लवकर जात नाहीत. पण दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, डोळा लाल झाला, पू आला, किंवा दिसता दिसता अचानक धूसर झालं, तर मेडिकलवरून थेंब आणून बघू नका. त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना गाठा.

पैशाचंही स्पष्ट असावं. नंबर 7.5 पेक्षा कमी असेल तर आरोग्य विमा हा खर्च देत नाही. आणि लेझरने चाळिशीचा चष्मा टळत नाही. कुरआन शरीफ किंवा पेपर वाचायला चाळिशीनंतर चष्मा लागेलच. मोठ्या मायनस नंबरचा डोळा आतून लांबट असतो, तो लेझरनंतरही तसाच राहतो. त्यामुळे मागचा पडदा सुटायचा धोका कायम असतो. नजरेसमोर अचानक काळे ठिपके किंवा वीज चमकल्यासारखं दिसलं तर लगेच तपासा.

ऑपरेशनच्या आधीचा नंबर, टोपोग्राफी आणि जाडीचे कागद एका फाईलमध्ये घालून निकाहनामा ठेवता तिथेच ठेवा. साठीला मोतीबिंदू होईल तेव्हा डोळ्यात बसवायच्या लेन्सचा हिशोब या जुन्या मापांवरून सोपा जातो. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी "आधी लेझर झालंय" हे आपण सांगायचं.